उशीवरचा कागद

कुठला पाहुणा टीप कशी ठेवेल, हे हॉटेलातली मावशी त्याची बॅग बघून सांगायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बारा खोल्या एकोणीस वर्षं ती एकटी आवरत होती. कुणी रोज सकाळी उशीखाली नोट सरकवायचे, कुणी निघायच्या दिवशी एकदम द्यायचे, तर कुणी देताना असे इकडेतिकडे बघायचे, जणू चोरीचा मालच खपवतायत. काहींच्या देशात टीप द्यायची रीतच नसते. ते नुसती मान तुकवून जायचे. त्यांच्यावरही तिचा राग नसे. "त्यांना द्यायला शिकवलं नाही, मला मागायला शिकवलं नाही. झाली फिटंफाट," म्हणायची.

आठ नंबरच्या खोलीत मात्र तिचं सगळं शहाणपण उताणं पडलं.

तिथं एक म्हातारी पाहुणी एकटीच उतरली होती. दुसऱ्या दिवशी मावशी खोली आवरायला गेली, तर उशीवर घडी घातलेला पांढराशुभ्र कागद. वर परक्या लिपीत दोन ओळी. मावशीनं पुढे केलेला हात मागे घेतला. गेल्या वर्षी असाच एक चिटोरा तिनं कचऱ्यात टाकला होता. तो निघाला पाहुण्याच्या कामाचा. मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा तक्रार आली, की घरी बसायचं." घरी बसणं तिला कुठलं परवडायला? घरात नवरा आधीच बसलेला होता, दुखरी पाठ धरून. तिनं कागद दोन बोटांनी उचलला आणि टेबलावर दिव्याखाली जपून ठेवला.

तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा उशीवर, जरा जाडसर. चौथ्या दिवशी तर त्याला रेशमी दोरा बांधलेला. मावशीनं इमानेइतबारे तोही टेबलावर नेऊन ठेवला.

पाचव्या दिवशी कागद नव्हता, पण पलंग आवरलेला होता. चादर ताणलेली, टॉवेलच्या घड्या घातलेल्या, बेसिनसुद्धा पुसलेलं. मावशीनं मनाशी ताडलं, बाईला आपलं काम पसंत नाही. कागदांवर तेच लिहिलं असणार, आणि आपण वाचलंच नाही म्हटल्यावर आता ती मॅनेजरकडे जाणार. दुपारचा डबा तिनं तसाच घरी नेला.

सहाव्या दिवशी पाहुणी निघायची होती. मावशी दारापर्यंत पोचली, तोच दार उघडलं. म्हातारीनं तोच कागद दोन्ही हातांत धरून पुढे केला. मान खाली, डोळे भरलेले. मावशीनं तो घेतला आणि काउंटरवरच्या पोरीला वर बोलावलं. तिला ती भाषा येत होती.

पोरीनं वाचलं आणि फस्सकन हसली. "अहो मावशी, टीप आहे ही! यांच्याकडे उघडे पैसे हातावर ठेवणं वाईट दिसतं, म्हणून कागदात घालून देतात. वर लिहिलंय, 'तुमच्या कष्टांसाठी'."

"मग पलंग का आवरला यांनी?"

पोरीनं विचारलं. म्हातारी हळू आवाजात बराच वेळ बोलली. पोरीचं हसू मावळलं.

"त्यांना वाटलं, तुम्ही पैसे परत करताय म्हणजे त्यांच्या हातून तुमचा अपमान झाला. दुखावलेल्या बाईला आणखी कामाला कसं लावायचं, म्हणून स्वतःच आवरत होत्या. माफी मागितल्याशिवाय जाववेना म्हणतात."

मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! मी हिला घाबरतेय आणि ही मला!"

तिनं म्हातारीला हाताला धरून खुर्चीत बसवलं, नीट घातलेली चादर सर्रकन ओढून काढली आणि अर्ध्या तासात निघणाऱ्या पाहुणीसाठी नवी झटकली. "सांग तिला, रागावलेली बाई असं अंथरूण घालत नाही म्हणावं."

पोरीनं सांगितलं. तशी म्हातारी उठली, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

एकोणीस वर्षांत ते टोक कुणी धरलं नव्हतं. मावशीला एकदम भरून आलं. एवढीशी चादर, पण घालायला त्यांना बराच वेळ लागला. दोघींनाही धड दिसत नव्हतं.