पाट्याचं पोलाद आणि तीस काड्या

मला चाकूच्या पोलादातलं कळतं असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. विळीबद्दल बोललेलं चालतं. घडीच्या चाकूबद्दल बोलले की लगेच, "वहिनी, तुम्हाला कशाला हवं ते?" कशाला म्हणजे काय? बावीस वर्षं मी रत्नागिरीजवळच्या एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधते आहे. पावसाळ्यात दिवसाला दीडशे कलमं होतात, आणि प्रत्येकाला निदान तीन काप. एवढे काप तुमच्या त्या हसणाऱ्या माणसानं जन्मात दाढी करताना तरी घेतलेत का?

कमरेच्या पिशवीत माझा चाकू कायम असतो. कलमाला तर लागतोच, पण सुतळी तोडायला, खताची गोणी उसवायला, दुपारी पेरू चिरायलाही तोच. नाही, चुकलं. पेरू चिरायला दुसरा. कलमाच्या चाकूनं खाण्याचं काही चिरायचं नाही, मासळीला तर तो दाखवायचासुद्धा नाही, हा आम्हा कलमवाल्या बायकांचा नियम. नव्या आलेल्या पोरींना चाकू धरायला शिकवण्याआधी आम्ही हे शिकवतो.

ह्या वर्षांत माझ्या हातून चार जातींची पाती गेली. पहिलं एक्सा ब्लेडचं, म्हणजे लोखंड कापायची जी करवत असते तिच्या मोडक्या पात्याला मागून चिंधी गुंडाळलेली. नर्सरीत सगळ्यांना तेच मिळायचं. धार म्हणाल तर जबरदस्त, टिकायचीही. पण इतकं कडक की जरा वाकडा जोर पडला की कचकन तुकडा उडायचा. एकदा तो तुकडा माझ्या बाजूला बसलेल्या बाईच्या भुवईत घुसला. मी त्याच दिवशी ते फेकून दिलं.

मग आमच्या ह्यांनी मुंबईहून स्टेनलेसचा आणला. चकचकीत, लाल मुठीचा. समुद्राकाठच्या हवेत गंजत नाही, हे त्याचं मोठं कौतुक. गंजत नाही हे खरं, पण त्याला काही येतही नाही हो! सकाळी धार काढली की चहापर्यंत धारेचा काठ दुमडलेला. दगडावर घासला की धार येण्याऐवजी काठाला नुसती सालपटं सुटायची. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून तो मी पेरूला ठेवला. अजून आहे.

तिसरा माझा खरा. आमच्या माहेरच्या वाडीतल्या लोहारानं तो ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून बनवून दिला. ट्रकच्या चाकावर वाकलेल्या जाड पट्ट्या असतात ना, त्या. आयुष्यभर धक्के खाल्लेलं पोलाद. लोहार म्हणायचा, "बाय, हे वाकेल पण तुटणार नाही." पातं त्यानं लालभडक तापवलं, पाण्यात विझवलं, मग परत वाईच शेकवलं. ह्याला पातं पाजणं म्हणतात, आणि सगळी जादू त्यातच असते. हे पोलाद गंजतं, हो, गंजतं! रोज खोबरेल लावावं लागतं. आंब्याचा चीक लागून पातं काळंनिळं पडतं. पण तो काळेपणा म्हणजे गंज नाही, उलट तो पुढचा गंज अडवतो. आणि साध्या दगडावर दहा हात मारले की अशी धार की काडीवरून पातं फिरवताना आवाजसुद्धा येत नाही. लोहार वारला. त्याची मुलं गोरेगावला नोकरीला. तसा चाकू आता कोणी करत नाही.

चौथा माझ्या धाकट्या भावाचा. हा आमचा भाऊ हातखंब्याला गाड्यांची सीट-कव्हरं शिवतो, आणि मोबाईलवर जगभरच्या चाकूंचे व्हिडिओ बघतो. कुठल्या पोलादात किती क्रोमियम, कुठलं पावडर दाबून बनवतात, सगळं तोंडपाठ. त्यानं कुठूनतरी एक महागाचा मागवला होता. त्या पोलादाचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, एखाद्या गाडीचा नंबर असावा तसं. "ताई गो, ह्याला सहा महिने धार काढायला लागत नाही!" मी म्हटलं, "आणि सातव्या महिन्यात काय करतोस? आपल्या दगडाला तो दाद देत नाही, मग तुझ्या युट्यूबवाल्याकडे पाठवतोस?" आमची अशी भांडणं जेवताना, फोनवर, लग्नाच्या मांडवातही चालायची. मजा असायची त्यात. माझ्याशी ह्या विषयावर न हसता बोलणारा तो एकटाच होता.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

माहेरच्या खळ्याला लागून, रस्त्याच्या कडेला एक रायवळ आंबा होता. आम्ही त्याला शेंदऱ्या म्हणायचो. रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेलं झाड. हापूस काय, कुठल्याही नर्सरीत जा, हवा तेवढा मिळेल. रायवळाचं तसं नसतं. प्रत्येक झाडाची चव त्या एका झाडातच. कोय लावली तर भलतंच काहीतरी उगवतं. तोच आंबा पुन्हा हवा तर त्याच्याच काडीचं कलम बांधायला हवं, दुसरा इलाज नाही. शेंदऱ्याचं फळ मुठीएवढं, देठाजवळ लाल, आणि चोखलं की शेवटी जिभेवर किंचित वेलचीसारखं काहीतरी राहायचं. वडील आजारी असताना त्यांना दुसरं काही गिळवत नव्हतं, हा रस तेवढा जायचा.

दोन वर्षांपूर्वी वाडीचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि शेंदऱ्यावर लाल रंगाची फुली आली. पावसाळ्यातच पाडणार म्हणाले. वीस वर्षं दुसऱ्यांसाठी हापूस बांधत बसले आणि घरच्या झाडाचं एक कलम मला सुचलं नव्हतं! ह्याला काय म्हणावं? मी त्याच दिवशी माहेरी गेले, हात पोचेल तिथल्या तीस काड्यांची पानं खुडून आले. पानं खुडली की आठ-दहा दिवसांत काडीचा डोळा फुगतो, मग ती बांधायची. भाऊ काठी घेऊन शेंड्याकडच्या दहा-बारा काड्यांचीही पानं पाडून मोकळा झाला. मी म्हटलं, "अरे, त्या काढणार कोण? तुझा काका?" तो म्हणाला, "असू दे गो."

दहाव्या दिवशी रिक्षात तीस रोपं घालून मी परत गेले. कोयीतून नुकतीच वर आलेली, तांबूस, कोवळी रोपं. रात्री तिथेच राहिले. चाकूला दगडावर धार काढून पडवीच्या खिडकीत ठेवला आणि सकाळी रोपं खळ्यात मांडायला घेतली. चाकू बघते तर खिडकीत नाही.

तासाभरानं भाऊ बाईकवरून आला. चेहरा नुसता फुललेला. "ताई गो, बघ तुझा चाकू! केवढा गंजला होता. कसा काय वापरत होतीस?"

हातखंब्याला ग्रिल बनवणाऱ्याकडे जाऊन त्यानं माझा चाकू मशीनच्या चाकाला लावून आणला होता. काळं सगळं गेलेलं. पातं असं चकचकीत की माझं तोंड दिसावं. आणि धारेच्या काठाला निळसर, जांभळट पट्टा. पातं चाकावर तापलं की पाजलेलं सगळं उतरतं. काठ मऊ होतो. मग तो चाकू दिसायला चाकू, बाकी पत्रा.

मी किती ओरडले! आजूबाजूची घरं दारात आली. "मेल्या, जगातली सगळी पोलादं तुला पाठ, आणि बहिणीच्या चाकूवरचा चीक ओळखता येत नाही? तुला विचारलं होतं कोणी? हात लावायला सांगितलं होतं?" त्याची बायको मध्ये पडायला आली, तिलाही सोडलं नाही. तो बिचारा खांबाला टेकून उभा. "चांगलं व्हावं म्हणून केलं गो," एवढंच म्हणाला. त्यानं मी आणखी पेटले. चांगलं व्हावं म्हणून! माझं चांगलं करायला निघालेल्या पुरुषांचा मला आयुष्यभर कंटाळा आला आहे. ह्यांचा स्टेनलेस चांगल्यासाठी, हेही चांगल्यासाठी. विचारत मात्र कोणी नाही.

मग त्यानं खिशातून स्वतःचा चाकू काढला, उघडला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला. "ह्यानं बांध. कालच बघितलाय, केस कापतो."

त्या क्षणी मी तो घ्यायला हवा होता. तो चाकू चांगला होता, मला माहीत होतं. मी त्याला कितीही चिडवलं तरी एकदा गुपचूप पेन्सिल तासून बघितली होती. नाहीतर काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नर्सरीत नेता आल्या असत्या, दिवसभर काही होत नाही त्यांना. तिथे पाच चाकू पडलेले असतात. हे सगळं तेव्हा मला कळत होतं. पण माझ्या अंगाची लाही झालेली. मी म्हटलं, "ठेव तुझा तो नंबरवाला चाकू. माझं मी बघते."

आणि झाडावरच्या काड्या काढून बसले. पहिल्याच काडीला कळलं. काडीचं टोक पाचरीसारखं तासून रोपाला दिलेल्या चिरेत बसवायचं असतं, आणि ती पाचर एका झटक्यात, सपाट उतरली पाहिजे. इथे पातं काडीत शिरेना, चेचत चाललं. सालीला तंतू सुटले. दुसऱ्या काडीला तेच. पाचर आणि चीर ह्यांच्यामध्ये फट राहिली की पाणी जातं आणि कलम कुजतं, हे मी पोरींना शंभरदा सांगितलेलं. तरी मी तिसावी काडी होईपर्यंत उठले नाही. तो समोर उभा राहून बघत होता, आणि मला वाटत होतं, बघ, चांगलं बघ, काय केलंस ते.

आज त्या बसण्याचा विचार आला की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी कलमं बांधतच नव्हते. मी त्याला शिक्षा देत होते, आणि त्यासाठी शेंदऱ्याच्या काड्या वापरत होते.

चार दिवसांनी झाड पाडलं. मी नर्सरीत होते. भावाचा फोन आला, मी स्क्रीनवर नाव बघितलं आणि पिशवीत टाकला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाजूची बाई म्हणाली, "अगो, घे की, काही काम असेल." मी म्हटलं, "असू दे, कळू दे त्याला जरा." मग त्यानं बोलून मेसेज पाठवला. तो मी दोन दिवसांनी, राग जरा निवल्यावर ऐकला. मागे करवतीचा आवाज, आणि हा ओरडतोय, "ताई गो, झाड आडवं झालंय. शेंड्याकडच्या त्या काड्या आता हाताशी आल्यात. कुठल्या काढू? कशा ठेवू? ही माणसं तासाभरात फांद्या उचलून नेणार म्हणतायत. फोन घे ना गो."

मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "मला कळलं नाही गो कुठल्या घ्यायच्या. पाच-सहा काढल्या, बादलीत पाण्यात उभ्या केल्या." पाण्यात उभ्या केलेल्या काड्या दोन दिवसांत कामातून जातात. "रेंज नव्हती इथे," मी म्हटलं. त्याला ते खरं वाटलं.

तीन आठवड्यांनी तो नर्सरीत आला, न सांगता. हातात त्याच्या बायकोनं दिलेला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. म्हणाला, "खळ्याच्या आतल्या बाजूला खड्डा मारून ठेवलाय. शेणखतही घातलंय. एक तरी कलम दे, उरलेली तू ठेव." मी त्याला मागच्या शेडमध्ये नेलं. माहेरहून परत आणलेल्या त्या कलमांच्या तीस पिशव्या ओळीनं होत्या. एका एका काडीवर बोट लावत तो चालत गेला. सगळ्या काळ्या, मऊ. शेवटच्या पिशवीपर्यंत गेला, कारण त्याला आशा होती. मला नव्हती, मी आठ दिवस आधीच बघितलं होतं.

तो तिथे उकिडवा बसला. मग म्हणाला, "ताई गो, माझ्यामुळं गेला ना आपला आंबा? मी चाकू नेला नसता तर..."

मला सांगता आलं असतं. तुझा चाकू मी घेतला नाही, तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही, रेंज होती. तीन वाक्यं होती. तोंडापर्यंत आली होती.

मी म्हटलं, "हो."

तो उठला, वाकला आणि शेडमधल्या त्या चिखलात माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.