वन्संनी बाबूला दिलेली शिक्षा

आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, साताऱ्याहून उज्जैनला आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं, आणि आपल्याला येत नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावलं की झालं, असा त्यांचा हिशोब. माझा जन्म इथलाच, म्हणून मी सुधारायला जायची. पण भावजयीचं कोण ऐकतंय!

वन्सं विधवा. माधव नगरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागल्या होत्या, पण नोकरी कच्ची. पक्की झाली नाही तर पुन्हा दिराच्या दारात भाकऱ्या थापायच्या, आणि तिथे त्यांना उष्ट्या ताटाएवढीही किंमत नव्हती. म्हणून फ्रीगंज भागातल्या शाळाखात्याच्या दफ्तरात खेटे चालले होते; मी सोबतीला. तिथला बाबू पान चघळत सांगायचा, कागद ग्वाल्हेरला गेलाय. मग म्हणे इंदूरला. नवा प्रांत होऊन राजधानी भोपाळला गेली तेव्हा कागदही तिथे पोचला. राजधानी हिंडली नसेल इतका वन्संचा कागद हिंडला.

एक दिवस त्यांचं डोकं फिरलं. बाबूच्या टेबलावर छत्रीची मूठ आपटून म्हणाल्या, ‘मैं तुमको शिक्षा दूँगी.’ म्हणजे थांब मेल्या, साहेबाला सांगून तुला चांगली अद्दल घडवते. बाबू पान चघळतच राहिला, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बोलून टाकल्यावर वन्संचा राग ओसरला. निघताना त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, ‘सोमवार को आके तुमको देख लूँगी.’ सोमवारी येऊन भेटते, इतकंच. पण हिंदीत ते ‘बघून घेईन तुला’ झालं, आणि बाबूच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

झालं. सोमवारी गेलो तर बाबूचा अर्ज साहेबांपुढे: सरकारी नोकराला धमकी. खरी धमकी बिचाऱ्याच्या डोक्यावरून गेली आणि रामराम मात्र गुन्हा ठरत होता. मला हसू येत होतं, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गुन्हा लागला असता तर पक्कीचं सोडा, कच्चीही गेली असती.

साहेब कायदा जाणणारे. त्यांनी पुस्तक उघडून समजावलं, की नुसती जीभ सुटली म्हणून गुन्हा होत नाही. नुकसान करीन अशी भीती घालून सरकारी माणसाला त्याचं काम करायला, सोडायला किंवा लांबवायला लावलं, तर होतो. मग बाबूला विचारलं, ‘आपने कौन सा काम लटकाया?’

‘हुजूर, इनका कागज.’

‘धमकी के बाद?’

‘नहीं हुजूर, पहले से.’

मी हात जोडून ‘देख लूँगी’चा मराठी अर्थ सांगितला. साहेबांना पटला. ‘और कुछ कहा था?’ बाबू म्हणाला, ‘कहती थीं, शिक्षा दूँगी.’ कोपऱ्यातल्या मराठी हेडक्लार्कांनी फायलीत तोंड खुपसलं. मी डोळेच मिटले, कारण वन्सं मेल्या तरी खोटं बोलायच्या नाहीत.

‘शिक्षा यानी?’ साहेबांनी विचारलं.

‘शिक्षा यानी शिक्षा,’ वन्सं म्हणाल्या. ‘जो इसको मिलनी चाहिए.’

साहेब बेहद्द खूश. बाबूचं अक्षर दफ्तरभर बदनाम होतं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, की बहनजी आपणहून शिकवायला तयार आहेत, तर बाबूने रोज दफ्तर सुटल्यावर त्यांच्याकडे शुद्धलेखन गिरवावं.

पहिल्याच दिवशी वन्संनी मजकूर घातला तो स्वतःची नोकरी पक्की झाल्याच्या हुकुमाचा. बाबू लिही, वन्सं चूक काढत, बाबू पुन्हा लिही. एकही चूक उरली नाही तेव्हा त्या तोच कागद घेऊन साहेबांकडे गेल्या आणि साहेबांनी सही केली. अधिकार त्यांचाच होता. भोपाळ वगैरे सगळ्या बाबूने पानाबरोबर चघळलेल्या थापा. कागद पदराखाली धरून वन्सं रडल्या. सातारा सुटल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

बाबू बोटं चोळत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, ‘भाभीजी, हमारे यहाँ इसको सजा कहते हैं.’