गोणपाटाखालचं गवत

सरळ सांगते, ऐन एप्रिलात बंगळूरला गवताचं बी पेरणं हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि तो आम्ही डोळे उघडे ठेवून केला. नर्सरीवाल्याने बजावलं होतं, "मॅडम, पाऊस पडू दे, मग पेरा." पण पावसाला अवकाश होता आणि आम्हाला तेवढा वेळ नव्हता.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत चालले तर चालले, नंतर कठीण. चार पावलं टाकलीही त्यांनी, आणि व्हरांड्याच्या गुळगुळीत फरशीवर आपटले. त्यानंतर पाय खाली टेकवायलाच तयार नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी समजावून थकली. मी चिडले, भांडले, रडलेसुद्धा. शेवटी एकदा खुर्चीतून अंगणाकडे बघत ते म्हणाले, "इथे गवत आलं की चालतो. गवतावर पडलं तरी लागत नाही."

झालं! बसवनगुडीतल्या आमच्या घरापुढे माती ती केवढी, दोन चटयांएवढी. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही स्वल्पच. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी आम्ही बादलीत साठवायला लागलो. आईने बी पेरलं ते नवरात्रातल्या घटासारखं: माती चाळून, दाट, वर ओलं गोणपाट. "नऊ दिवस कुणी हात लावायचा नाही," तिने दम भरला.

सहाव्या दिवशी मी हळूच कोपरा उचलला. कोंब! मी ओरडलेच. पाकिटावर लिहिलं होतं, कोंब दिसताच झाकण काढा. मी आईला ते वाचून दाखवलं.

"घट कधी मधेच उठवतात का गं? पाकीट वाचून मला शहाणपण शिकवू नकोस!"

यावर अण्णा वाकड्या तोंडाने हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "असू दे, तिचं ऐक." नाहीतर मी कुणाचं ऐकणारी नव्हे, पण त्या हसण्यापुढे कोपरा परत झाकला.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला आईने हळदकुंकू वाहून गोणपाट उचललं. खाली बोट-बोट उंचीचे पिवळेधमक कोंब, दसऱ्याला टोपीत खोवतो अगदी तसे. उजेडच मिळाला नव्हता ना त्यांना. पण आमच्याकडे कोंब पिवळे आले म्हणजे देवी पावली. आईच्या डोळ्यांना धार लागली.

अण्णांनी डाव्या पायाने उजव्या पायातली चप्पल ढकलून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, "धर गं मला. टेकवून बघतो."

"आज नको अण्णा," मी म्हटलं. "कोवळं आहे, तुडवलं जाईल. मूळ धरू दे. पुढच्या आठवड्यात."

"बरं," म्हणाले.

चार वाजेपर्यंत सगळं आडवं. उन्हाने ते शिजलेल्या शेवयांसारखं मातीला चिकटलं होतं. आई तरी तांब्याने शिंपडतच राहिली. "मेलंय ते, आई! पुरे कर!" मी तिच्या अंगावर धावून गेले. अण्णा खिडकीतून बघत होते. उरलेलं बी पुन्हा पेरलं, ते मुंग्यांनी नेलं.

पुढे जुलैत तिथे हरळी आपोआप माजली. मी अण्णांना म्हटलं, चला, आता भरपूर आहे. "राहू दे," एवढंच बोलले. दुसऱ्या वर्षीही तेच उत्तर, आणि आता मी विचारायचं सोडलंय. व्यायामवाली मुलगीही यायची थांबली.

त्या दिवशी ते स्वतःहून पाय टेकवत होते. गवत तर दुपारी मरणारच होतं, आणि ते तुडवलं जाऊ नये म्हणून मी त्यांना थांबवलं.