निळ्या खोक्याचा शब्द

माझ्या धाकट्या दिराइतका आंधळा विश्वास कुणी देवावर ठेवला असता, तर देवाला लाजेखातर दर्शन द्यावं लागलं असतं. भावजींनी तो ठेवला कंप्युटरच्या मदरबोर्डावर. त्यातही एकाच कंपनीच्या. कंपन्यांची नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत, मी त्या खोक्याच्या रंगावरून ओळखायची. लाल खोकं भावजींच्या लेखी चोर: "गणपतीत घ्या, दिवाळीत फेका." पिवळं भेकड, वीज जरा खालीवर झाली की मान टाकणारं. आणि निळं? "वहिनी, ही कंपनी शब्दाची पक्की हाय. बोर्ड गेला तर निस्ता हातावर ठेवायचा, दुसरा देतात. इचारत पन न्हाय."

मी मान डोलवायची. पन्नाशी गाठली होती आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मदरबोर्ड म्हणजे आत बसून पोरांवर लक्ष ठेवणारं काहीतरी असणार, हा माझा अंदाज! भावजींनी आमच्या घरी कंप्युटर बसवला तेव्हा मी त्याला मनापासून हळदकुंकू वाहिलं, ते थेट सीडीच्या फटीत गेलं. ते फुंकून काढताना भावजी एवढंच म्हणाले, "हिला कुंकू नको वहिनी, हवा पायजे."

त्यांचं दुकान भिवंडीच्या निजामपुऱ्यात, कापड विणणाऱ्या लूमच्या दोन कारखान्यांमध्ये चेपलेलं. यंत्रांच्या खडखडाटाने काउंटरवरचा चहाही थरथरायचा. बोलायचं तर ओरडून, आणि भावजी ओरडून काय सांगणार, तर निळ्या खोक्याचे गुण. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही कल्याणला गेलो. चहा येईपर्यंत भावजींनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून त्या लोकांच्या कंप्युटरचं कवच उघडलं होतं. मुलीचा बाप बघतच राहिला. रिक्षात बसल्यावर निकाल आला: "पोरगी चांगली हाय, पन घरात लाल खोका! या लोकांना मानसं वलखता येत न्हाईत." सोयरीक तरीही झाली, आणि त्या पुतण्याच्या सासुरवाडीला भावजी आयुष्यभर 'लाल खोकेवाले' म्हणत राहिले.

मग एका उन्हाळ्यात निळ्या खोक्यातले बोर्ड फुगायला लागले. म्हणजे बोर्डावर बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या उभ्या असतात, त्यांची डोकी. फुगायची, मग तपकिरी गळायची, आणि कंप्युटर मरायचा. माझी भाकरी जन्मात कधी फुगली नाही आणि तुमचे बोर्ड टम्म, असं मी हसून म्हटलं, तर भावजी हसले नाहीत. मेलेले बोर्ड गोणीत भरून ते मुंबईला कंपनीच्या सेंटरात गेले. तिथल्या माणसाने एक उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "इसमें तो कापूस है. भिवंडी का माल वारंटी में नहीं आता."

परत आले आणि आमच्या ह्यांचा दाढीचा ब्रश मागून नेला. दुकान बंद ठेवून एकेक बोर्ड त्यांनी झाडला, लहान मुलाचे कान साफ करावेत तसा. पुन्हा गेले. त्या माणसाने चिमट्याने पंख्याखालून एक धागा काढून दाखवला. एक. "आख्खी भिवंडी धाग्यावर जगते वहिनी," भावजी म्हणाले, "आन् ह्यांनी धाग्यावर माझा शब्द पाडला."

गिऱ्हाइकं भांडली असती तर बरं झालं असतं. एक म्हातारा कारखानदार मेलेला बोर्ड फडक्यात बांधून आला, काउंटरवर ठेवला आणि इतकंच बोलला, "डिब्बा नहीं देखा था भाई, आप की जबान पे लिया था." त्यानंतर भावजींनी कधी कुठल्या खोक्याची तारीफ केली नाही. तारीफ नाही तर दुकान कसलं? शटर ओढलं.

पुढे हायवेकडच्या भातखाचरांवर गोदामं उठली, तिथे भावजी सुपरवायझर लागले. पहिल्याच महिन्यात कंटेनर उघडला, आत छतापर्यंत निळी खोकी. भिवंडीचा धागा ज्यांना चालला नाही, त्यांना भिवंडीची जमीन चालली! मी ऐकून कंपनीला शिव्या घातल्या. भावजी मात्र म्हणे हमालांवर ओरडले, "हळू रं, आपटू नको, नाजूक असतात."

आमच्या घरचा बोर्ड त्या फुगलेल्या बोर्डांच्याच खेपेतला. का कोण जाणे, तो फुगला नाही. माझ्या भाकऱ्यांची संगत लागली असावी. भावजी अजून दर रविवारी येतात. चपला काढतात, बटण दाबतात आणि कान लावून बसतात. सगळं ठीक असलं की आतून एकच बारीक 'पीप' येतो. "बोलली," म्हणतात, बटण बंद करतात आणि मगच चहा घेतात. नातवंडं म्हणतात, आजी, हा डबा भंगारात दे. कुणाला टोमणा मारायची संधी मी एरवी सोडत नाही, पण इथे मी भावजींच्या बाजूने. शनिवारी संध्याकाळी त्यावरचं जुनं लुगडं बाजूला करते, फटीतला कापूस फुंकते आणि हळूच सांगते, बाई, उद्याही बोल.