बुधवारी हात उचलायचा नाही

आमच्या दाराला आतून साखळी आहे. ती मी बसवून घेतली. ओळखीचं माणूस असलं तरी मी आधी फटीतून बघते, आणि सरकारी माणूस असला तर जरा जास्त वेळ बघते. तिसगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लोकांचे दाखले, अर्ज, हयातीचे कागद दिवसभर माझ्या हातातून जातात. एका शब्दाने माणूस यादीत येतो आणि एका शब्दाने यादीतून जातो. सही चौकटीबाहेर गेली म्हणून परत आलेले अर्ज मी पाहिलेत. त्यामुळे सरकारने घरबसल्या काही द्यायचं ठरवलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

घरात आम्ही तिघी. आई, मी आणि धाकटी बहीण. बहिणीचे हातपाय जन्मापासून ताठ आहेत. बोलणं सावकाश, एकेक शब्द ओढून आणल्यागत, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. तिला खाऊ घालणं, कूस बदलणं, केस विंचरणं सगळं आई करते. गेल्या पावसाळ्यात कळलं की अशा माणसांच्या घरी येऊन व्यायाम देणाऱ्या मॅडम तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून पाठवतात. आईने परस्पर नाव दिलं. मला विचारलं असतं तर मी दिलं नसतं, हे तिला माहीत होतं.

बुधवारी दहाला मॅडम स्कूटीवरून आल्या. मी ओळखपत्र मागितलं, त्याचा फोटो काढला आणि मग साखळी काढली. त्यांनीही आत आल्यावर बहिणीचा फोटो काढला.

"वर पाठवावा लागतो, ताई. मी खरंच आले हुते म्हणून."

वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. पिशवीतून टॉवेल, रबरी चेंडू आणि एक जाड वही निघाली. वहीत शेवटी एक रकाना होता: फरक. तो मी पहिल्याच दिवशी बघून ठेवला.

माझा हा संशय फुकाचा नव्हता. बहीण लहान असताना अपंगत्वाच्या दाखल्याच्या शिबिराला आम्ही तिला उचलून नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हात वर होतो का? पोर हौशी. एवढे लोक बघतायत म्हणून तिने सगळा जीव एकवटून हात उचलला आणि हसली. डॉक्टरही हसले, आणि टक्के कमी लिहिले. पुढची किती वर्षं आम्ही तो कागद बदलून घेण्यासाठी घालवली. दुसऱ्या तपासणीला मी तिच्या कानात सांगितलं, हात मांडीवरून हलवायचा नाही. तिने हलवला नाही. ऐंशी टक्के मिळाले. तिची पेन्शन, एसटीतली सवलत, तिच्यासोबत जाणाऱ्या माणसाची सवलत, सगळं त्या एका कागदावर उभं आहे. आणि तो कागद कायमचा नाही, पुन्हा तपासणी आहेच.

दिवाळीच्या आसपास एका रविवारी आई चहा ओतत होती. बहीण म्हणाली, "दे." तिने कानाचा स्टीलचा कप दोन्ही हातांनी धरला, थरथरत तोंडापर्यंत नेला आणि प्यायली. अर्धा चहा गळ्यावर सांडला, पण अर्धा पोटात गेला. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःच्या हाताने काही खाल्लं-प्यायलं होतं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी उठले आणि आधी दार लावलं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई कागद काढायला आली होती. ती सांगत होती, की तिच्या भावकीत कुणाच्या तरी घरी अशाच मॅडम येत होत्या, त्यांनी 'सुधारणा' लिहिलं आणि टक्के उतरले. ऐकीव गोष्ट. पण मला तेवढी पुरेशी होती. घरी जाऊन मी फर्मान काढलं, बुधवारी हात उचलायचा नाही.

आई म्हणाली, "अगं, पर त्यांच्यामुळंच तर जमलं."

"म्हणूनच," मी म्हणाले.

बहिणीला आधी मजा वाटली. मॅडम चेंडू हातात द्यायच्या आणि ती तो असा काही टाकून द्यायची की मलाही खरं वाटावं. मी बुधवारी तासभर दुकान बंद ठेवून उंबऱ्यात बसायची, राखण करत. मॅडम गेल्या की आम्ही दोघी हसायचो.

मॅडम मात्र जास्त वेळ थांबायला लागल्या. अर्ध्या तासाचा तास झाला. मला वाटलं, यांना काहीतरी वास लागला. एकदा त्यांनी एक कप आणला. त्याच्या कानाला सायकलच्या मुठीचं रबर चढवलेलं होतं, पकड यावी म्हणून. त्यांनी घरीच केला होता.

"ह्यानं जमतंय का बघू," म्हणाल्या.

सरकारी माणूस पदरमोड करतो म्हणजे काय? मी तो कप उलटासुलटा करून पाहिला. बहिणीने तो त्यांच्यासमोर दोनदा पाडला. त्या गेल्यावर त्याच कपातून न सांडता चहा प्यायली. त्या दिवशी ती हसली नाही. मला ते दिसलं होतं, पण मी विषय काढला नाही.

रकान्यात दर बुधवारी 'फरक नाही' येत राहिलं. मी वाचून, खात्री करून, तिच्या वतीने सही करत राहिले.

फेब्रुवारीत मॅडम आल्या त्या पिशवी न उघडताच बसल्या. आईने सगळ्यांना चहा दिला. बहिणीचा तिच्याजवळच्या स्टुलावर ठेवला, गार करून पाजायला.

"मावशी, आज शेवटचं," त्या आईला म्हणाल्या. "जिथं फरक न्हाई तिथल्या भेटी बंद करून नवीन नावं घ्यायची, असं आलंय. लई जण थांबल्यात." मग त्या बहिणीकडे वळल्या. "माझंच कायतरी कमी पडलं असंल, बाई. दुसऱ्या कुणाला जमलं असतं."

मी मनात हिशेब लावत होते: भेटी गेल्या तरी चालतील, टक्के राहतील. तेवढ्यात स्टुलावर खुडबुड झाली. बहिणीने रबरवाला कप उचलला होता. माझ्याकडे न बघता ती सावकाश सगळा चहा प्यायली आणि कप जागेवर ठेवला.

मला पहिलं भान आलं ते मॅडमच्या मोबाईलचं. तो पर्समध्येच होता, फोटो निघाला नव्हता.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळी," बहीण म्हणाली.

मॅडम रागावल्या असत्या तर मी भांडले असते. मी तयारच होते. पण त्या बोटांवर महिने मोजत म्हणाल्या, "म्हंजी हे चार महिने मी तिला नुसतं मुठीचंच देत बसले. एव्हाना कंगवा धरायला आली असती."

आईने पदर तोंडाला लावला. मी तरी म्हणाले, की तुम्ही लिहिलंत तर आमचे टक्के जातील.

"टक्के डॉक्टर ठरवत्यात, ताई. माझी वही तिथं कुणी मागत न्हाई."

मी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरता ठेवलेला नाही. पुढच्या वर्षी तपासणी आहे, तेव्हा कळेल. त्यांनी वही उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. फरक लिहिला तर भेटी चालू राहतील, न्हाईतर आज नाव कमी होईल, म्हणाल्या.

"लिहा," बहीण म्हणाली. दम घेतला. "फरक हाय. तिला इचारू नका."

मॅडमनी लिहिलं, 'फरक आहे. स्वतः कपाने चहा पिते.' सवयीने वही माझ्याकडे सरकवली. मी ती ओळ दोनदा वाचली, काही राहिलंय का, काही अंगावर येईल का. मग पेनाचं टोपण काढलं.

"दे," बहीण म्हणाली. दिवाळीतल्या त्या रविवारी चहा मागितला होता तसंच.

मॅडमनी पेनाला टॉवेलचं टोक गुंडाळून दिलं. पेन दोनदा गळून पडलं. तिसऱ्यांदा तिने ते मुठीत धरलं आणि ओढलं. रेघ चौकटीतून निघाली, फरकाच्या रकान्यावरून गेली आणि पार वहीच्या कडेला जाऊन थांबली. चौकटीबाहेर गेलेली सही चालत नाही, हे मी दुकानात रोज दहा जणांना सांगते. त्या दिवशी मी गप्प बसले.