डोंगराची भरपाई

लिमयेसाहेब दुकानात काही घ्यायला निघाले की ज्या वस्तूसाठी घ्यायचं ती वस्तूच सोबत घेऊन निघायचे. कुकरची रिंग आणायची तर आख्खा कुकर पिशवीत. पडद्याच्या कड्या आणायच्या तर खिडकीवरचा दांडा खांद्यावर, आणि मग रिक्षावाल्याशी भांडण, कारण दांडा अर्धा बाहेर. म्हणून ते जीपीएसचं यंत्र घ्यायला वाशीला निघाले तेव्हा घरच्या कॉम्प्युटरचा डबा रिक्षात होता, याचं मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच की डबा माझ्या मांडीवर होता. त्यांच्या मांडीवर छत्री.

"तांडेल, हलवू नका. आतल्या डिस्कला धक्का चालत नाही."

"रस्त्याला सांगा, साहेब," मी म्हटलं.

मला गाव नाना म्हणतं. तांडेल म्हणणारे ते एकटे. माझी होडी एका माणसाची, तिच्यावर खलाशी मीच आणि मालकही मीच, पण त्यांच्या हिशोबी होडी चालवतो तो तांडेल, आणि तांडेलाला नाना म्हणणं त्यांना बरं वाटायचं नाही.

यंत्र कशाला हवं होतं ते सांगायचं तर आधी माझी लबाडी सांगावी लागेल. सांगतो.

उलव्याच्या खाली आमचं जुनं गाव आहे. शेतं गेली, मिठागरं गेली, खाडी राहिली. या खाडीत एका ठिकाणी पाण्याखाली खडप आहे, म्हणजे मोठा खडक, आणि त्याच्या कपारीत जिताडा बसतो. जिताडा ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की तो ताटात आला की रुसलेला जावई बोलायला लागतो. ही जागा माझ्या बापानं मला एकट्याला दाखवली. पाण्यावर काही लिहिलेलं नसतं, म्हणून काठावर बघायचं. गावदेवीच्या देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे, आणि त्याच वेळी पलीकडचा ताड जुन्या बांधाच्या टोकावर आला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली खडप. चार हात चुकलात तर नुसता चिखल.

मग देवळाच्या मागं चौदा मजले उभे राहिले. कळस राहिला, खाच गेली. दोन वर्षं मला खडप सापडलं नाही. पण मी जिताडेवाला नाना. धक्क्यावर बसणारी माणसं विचारायची, "नाना, जिताडा म्हातारा झाला का तुमी?" तेव्हा मी काय करायचो, तर उरणच्या बाजारातून जिताडा घ्यायचो, रिक्षानं जासईवरून यायचो, मागच्या वाटेनं तो होडीत नेऊन ठेवायचो, खाडीत एक चक्कर मारायचो आणि मग धक्क्यावर सगळ्यांच्या देखत खांद्यावर टाकून घरी न्यायचो.

एके दिवशी धक्क्यावर एक उंच, सडपातळ माणूस छत्री घेऊन उभा होता. त्यानं माझ्या माशाला बोट लावलं, मग बोट बघितलं, आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "तांडेल, खाडीत बर्फ पडतो का हो?"

हे लिमयेसाहेब. अशा माणसाला मोकळं सोडता येत नाही. मी म्हटलं, "घरी चला. कालवण खाऊन जा."

"मी मासे खात नाही."

"मग चा तरी घ्या."

चहावर मी सगळं सांगितलं. अर्धं त्यांना कळलंच होतं. ते महाप्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे, आता निवृत्त, आणि राहायला त्याच चौदा मजल्यांत, सातव्यावर. हे ऐकल्यावर मी सोडतो की काय. "तुमच्या बिल्डिंगीनं माझा डोंगर खाल्ला," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "बिल्डिंगच्या आधी तिथे काय होतं?"

"प्लॉट."

"कोणाचा?"

मी चहा ढवळला. "साडेबारा टक्क्यांतला. शेतं सरकारनं घेतली, त्याच्या बदल्यात मिळालेला. आमचाच."

"मग बिल्डरला कोणी दिला?"

"साहेब, साखर कमी हाय का?"

दुसरा कोणी हसला असता. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे डोंगर तुम्ही विकलात आणि मी त्यात फ्लॅट घेतला. निम्मी भरपाई माझ्याकडे लागते. कागदावर बघू."

"कागदावर बघू" हे त्यांचं नेहमीचं. भाजी महाग झाली, कागदावर बघू. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे दुखतात, कागदावर बघू. आणि खरंच कागद घेऊन बसायचे. या वेळी कागदावर असं निघालं की डोंगराच्या जागी यंत्र घ्यायचं. होडी खडपावर असताना बटण दाबलं की यंत्र ती जागा धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी बाण दाखवत तिथं नेतं. आणि घरी आल्यावर ती जागा वायरीनं कॉम्प्युटरवर चढवायची, म्हणजे यंत्र खाडीत पडलं तरी जागा बुडणार नाही.

वाशीच्या दुकानदारानं डबा बघितला. "काका, ये क्यों लाया?"

"मुलगी बघायची तर मुलगा सोबत नको?" साहेब म्हणाले.

"काका, लडका बहुत बुड्ढा है." मग तो मराठीवर आला. "यंत्र कशाला पाहिजे? मोबाईलमध्येच येतं सगळं."

"ओल्या हातानं चालतो का मोबाईल?"

"हात पुसायचा ना."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होडीत कोरडं काय असतं, शेठ?"

दुकानदारानं तीन यंत्रं काढली. पहिलं रंगीत. साहेब ते घेऊन उन्हात फुटपाथवर गेले आणि मला म्हणाले, "काय दिसतं?" मला त्यात माझंच तोंड दिसलं. ते बाद. दुसऱ्याला नुसती काच, बटण नाही. साहेबांनी माझं बोट चहात बुडवून त्यावर टेकवलं. काचेला काही कळेना. तेही बाद. तिसरं लहान, काळंपांढरं, पाच जाड बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं. साहेबांनी पाण्याची बादली मागितली.

"काका, डेमो पीस आहे."

"म्हणूनच. आमचा पीस बुडवून कसं चालेल?"

बादलीत ते तरंगलं. मग मुलाची बारी. दुकानदार म्हणत होता, एवढ्या जुन्या कॉम्प्युटरला हे लागणार नाही, नवा घ्या. साहेबांनी डबा काउंटरवर मांडला, दुकानाचाच पडदा आणि कीबोर्ड जोडून घेतला, वायर लावली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. डबा बराच वेळ घरघरला. गिऱ्हाइकं जमली. शेवटी 'टुंग' असा आवाज झाला.

"पसंत आहे," साहेब म्हणाले.

यंत्र आलं खरं, पण माझी अडचण झाली. बापानं मला कानात सांगितलेली जागा मी कॉम्प्युटरला कशी सांगू? आज डब्यात चढली, उद्या सगळ्या जगाला कळेल. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी, ती अशी की जागा मलाच सापडत नव्हती, आणि हे मी यंत्रासमोर कबूल करणार नव्हतो. म्हणून मी साहेबांना होडीत घालायचो, वाटेल तिथं न्यायचो आणि म्हणायचो, "इथंच."

"नक्की?"

"बापाची जागा हाय, साहेब."

ते बटण दाबायचे. आम्ही गरी टाकायचो. कधी शिंगाळा लागायचा, कधी कोणाची चप्पल. पुढच्या खेपेला मी म्हणायचो, "त्या दिवशी पानी फसवं होतं. खरी जागा ही." असा आख्खा हिवाळा गेला. एकतीस जागा झाल्या. साहेब रोज घरी जाऊन त्या कॉम्प्युटरवर चढवायचे, कागदावर छापायचे आणि कागद जोडून भिंतीवर लावायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, आमच्या हॉलमध्ये आता खाडी आहे. पाहुण्यांना बसायला जागा नाही."

मला मजा वाटत होती. एवढा शिकलेला माणूस, आणि चौथी पास नानानं सातव्या मजल्यावर चिखल नेऊन लावला.

होळीच्या आधी भांगाचे दिवस होते, म्हणजे पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही असे. साहेब पुढं बसून डब्यातले पोहे खात होते. मी बांबूनं होडी ढकलत होतो. बांबू चिखलात जातो तेव्हा आवाज येत नाही. त्या दिवशी खालून आवाज आला, टक.

मी पुन्हा टेकवला. टक.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

दोन वर्षं आणि वर एक हिवाळा. मी एवढंच म्हटलं, "यंत्र बंद करा."

त्यांनी एक बटण दाबलं आणि यंत्र कापडी पिशवीत पोह्यांच्या डब्याशेजारी टाकलं. त्या दिवशी जो जिताडा लागला तो मी धक्क्यावरून मुद्दाम सावकाश नेला, आणि जो भेटेल त्याला म्हटलं, "बोट लावून बघ." घरी पोचायच्या आधी साहेबांना थांबवलं. "ही जागा तुमच्या कॉम्प्युटरवर चढली तर माझं तुमचं संपलं."

"कॉम्प्युटरवर चढणार नाही," ते म्हणाले. "शब्द देतो."

त्यानंतर चार वर्षं मला खडप दर वेळी सापडलं. मी सगळ्यांना सांगितलं की माझी नजर परत आली. साहेब पुढं बसायचे, पिशवी मांडीवर. सारखं त्या पिशवीत डोकं घालायचे. मी म्हणायचो, "साहेब, पोहे पळून जात नाय." आणि त्यांना एक नवीन खोड लागली होती. मध्येच छत्री उचलायचे आणि म्हणायचे, "तांडेल, तिकडे मासा उडाला बघा."

"पान असंल, साहेब."

"मासाच. डावीकडे."

मासे न खाणारा माणूस, त्याला मासा काय कळणार. पण म्हाताऱ्याचं मन राखायला मी होडी तिकडं वळवायचो. आणि बघा, वळवली की थोड्या वेळानं बांबू टक करायचा. मी म्हणायचो, "डोळं झाकून आलो."

"कमाल आहे," ते म्हणायचे.

"आता ते यंत्र विकून टाका."

"विकायला हवं. पण कॉम्प्युटरचा जीव जडलाय."

मागच्या गणपतीच्या आधी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी खांदा दिला. बिल्डिंगच्या फाटकाबाहेर रस्ता अजून तसाच खड्ड्यांचा. प्रत्येक पावलाला मला ऐकू येत होतं, तांडेल, हलवू नका.

त्यानंतर मी खडपावर सहा वेळा निघालो. पोचलो एकदाही नाही. भरतीला शिव्या दिल्या, डोळ्यांत थेंब घातले. उरणचा बाजार आठवला, पण आता बर्फ ओळखणारं कोणी नव्हतं, तेव्हा त्यात काही मजा नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर वहिनींचा निरोप आला. घराला रंग द्यायचाय, भिंतीवरची खाडी उतरवायला या. मी स्टुलावर चढून कागद सोडवत होतो. प्रत्येक जागेच्या आकड्याखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. "काय लिहिलंय?" मी विचारलं. वहिनींनी चष्मा लावला.

"तांडेल म्हणतात इथेच. शिंगाळा, एक." मग पुढचा. "तांडेल म्हणतात इथेच. चप्पल, डावी." अशा एकतीस.

"म्हंजे साहेबांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणायचे, जागा खरी असती तर तांडेलांनी आधी देवळाकडे बघितलं असतं. ते बघतच नाहीत."

मी स्टुलावरच बसलो. "आणि खरी?"

"ती कॉम्प्युटरवर नाही. तुम्हाला शब्द दिला होता ना." वहिनींनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, आतून यंत्र काढलं, बटणं दाबली. "यात आहे. एकतीस झाल्यावर अजून एक. तिला नुसता आकडा नाही, नाव दिलंय." त्यांनी यंत्र लांब धरून वाचलं. "डोंगर."

मग चार वर्षांत उडालेले सगळे मासे माझ्या डोळ्यांपुढून एकेक परत गेले. डावीकडचे, उजवीकडचे. मला राग आला. असा आला की त्या माणसाला सातव्या मजल्यावरून ओरडून विचारावं. पण विचारणार कोणाला.

"मला म्हणाले होते, सांगू नकोस," वहिनी म्हणाल्या. "कळलं तर तांडेल माझ्याशी बोलणार नाहीत."

"नसतोच बोललो," मी म्हटलं. आणि खरंच नसतो.

त्या मला बटणं शिकवायला लागल्या. मी हात मागं घेतला. "मी शिकनार नाय, वहिनी. बापाची जागा मी बटन दाबून शोधनार नाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी पोहे करते."

पुढच्या भांगाला वहिनी होडीत पुढं बसल्या. साहेबांचीच छत्री, तीच पिशवी मांडीवर. मी सवयीनं देवळाकडं बघितलं. कळस होता. त्याच्या मागं चौदा मजले, आणि सातव्यावर वहिनींची साडी वाळत होती. मी बांबू टाकत राहिलो. चिखल, चिखल, चिखल. वहिनींनी पिशवीत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग मान वर केली, छत्रीचं टोक उजवीकडं धरलं आणि अगदी सरळ तोंडानं म्हणाल्या, "भावोजी, तिकडे मासा उडाला बघा."

पाणी ताटासारखं होतं. त्यावर पानसुद्धा नव्हतं.

"दिसला," मी म्हटलं, आणि होडी वळवली.