भासरे आणि गार पाण्याची मशीन

आमच्या भासऱ्यांनी हात लावला नाही अशी वस्तू आख्ख्या भद्रावतीत सापडायची नाही, आणि त्यांचा हात लागल्यावर पहिल्यासारखी चालली अशीही सापडायची नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले, पण दुरुस्तीला बसताना खाणीतली टोपी अजून डोक्यावर चढवतात. त्यांनी उघडलेला कूलर पाहुण्यांच्या अंगावर पाणी फेकतो. काम संपलं की दोन-चार स्क्रू उरतातच. "कंपनी जास्तीचे देते," असं खुशाल सांगतात. मला त्यांना काही सांगायची सोय नाही. आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोर बसलेले असले तरी मी पदर ओढून जाऊबाईंना म्हणते, "चहा झाला म्हणावं," आणि ते भिंतीकडे पाहून म्हणतात, "साखर कमी टाक म्हना तिले."

जाऊबाईंची बोटं थंडीत चिरतात, भांडी घासताना रक्त येतं. म्हणून त्यांच्या मुलानं उन्हाळ्यात पुण्याहून भांडी धुवायची मशीन पाठवली. मे महिन्यात आमच्या छतावरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. भासरे म्हणाले, "पानी आधीच उकळून राह्यलं, आन् हे मशीन आनखी तापवते? लाईट का फुकट येते?" त्यांनी मशीन गार पाण्यावर लावली आणि कुणी गरम पाण्याचं बटण दाबू नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी मारली. मी तिथंच कणीक मळत होते.

थंडी पडली, टाकी गार झाली, ताटं तेलकट निघू लागली आणि जाऊबाईंचे हात पुन्हा राखेत गेले. भासऱ्यांनी टोपी चढवली. जाळी धुतली, पाइप फुंकला, व्होल्टेजला शिव्या घातल्या. एकदा तर ताप मोजायचं थर्मामीटर आत ठेवून मशीन चालवली. पट्टी आपणच मारली हे मात्र साफ विसरले होते. मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी पोचवलं, "अवो, ते काळी पट्टी काढून पाहा ना."

"ते शॉक लागू नये म्हनून हाय. तुले काय समजते?"

रोज मी सांगायचे, रोज जाऊबाई पोचवायच्या, रोज ते शॉकवर भाषण द्यायचे. माझं डोकं फुटायची वेळ आली. इकडे जाऊबाई बोटांना चिंध्या बांधून भाकरी थापत होत्या.

एका सकाळी ते पाणी तापवायचा रॉड घेऊन आले. तो मशीनच्या आत सोडायचा आणि जाऊबाईंनी ओल्या हातांनी दार धरायचं, असा बेत.

"भाऊ, ठेवा तो रॉड! पट्टी तुम्हीच मारली, मे महिन्यात!"

आवाज माझा होता. माझाच मला ओळखू आला नाही. भासऱ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "कोन बोललं?"

"मी नाई बोलली बा," जाऊबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

भासऱ्यांनी पट्टी ओढली, बटण दाबलं. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून वाफ आली. "बटनच चुकीच्या जागी देल्लं कंपनीनं," एवढं बोलून ते बाहेर गेले. मी दिवसभर त्यांच्या समोर गेले नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. भासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. घरात आम्ही दोघंच.

"तिचे हात," ते हळू म्हणाले, "बरे होतीन ना, बाई?"

मी पदर सावरला. "होतीन, भाऊ."

काही तरी अजून विचारायचं असावं. ते तसेच उभे राहिले, आणि मीही पाठ फिरवली नाही.